पुस्तकाची नाल

मी एक जुना घोडा आहे. शेपूट शोधू नका, मित्रांनो, मला ते नाही. आयाळही नाही, आणि चणे समोर ठेवलेत तर ते तुम्हालाच खावे लागतील. मी लाकडी घोडा. उंचावरची वस्तू काढायला ज्याच्यावर चढतात ना, तो. चार पाय, तीन पायऱ्या आणि माथ्यावर एक फळी. सगळा जन्म एका वाचनालयात काढला. लोक माझ्या अंगावर पाय देऊन वर गेले, पुस्तक घेऊन खाली उतरले आणि घरी गेले. मी होतो तिथंच.

एका सुतारानं मला जुन्या दारापासून बनवलं. म्हणून माझ्या पहिल्या पायरीला अजून कडीचं भोक आहे. वाचता वाचता त्यात बोट घालून बसायची खूप जणांना सवय होती.

तरुणपणी मी फार व्रात्य होतो. खोटं कशाला बोलू? कुणी माथ्यावर चढून हात लांब केला की मी हळूच एक पाय उचलायचो. डुग. एवढंच. वरचा माणूस फळीला मिठी मारायचा आणि खालचे सगळे फिदीफिदी हसायचे. पाडलं मात्र कधी कुणाला नाही. तेवढी अक्कल होती.

मला वाचता येत नाही. पण वाचणारा माणूस मला वाचता येतो. पुस्तक निवडायला लोक माझ्या पायरीवर टेकायचे आणि मला त्यांच्या पायांवरून कळायचं हातात काय आहे ते. शिंपीणमावशी खुनाच्या कादंबऱ्या न्यायच्या. त्यांचा गुडघा शिवणयंत्र चालवल्यासारखा हलायचा आणि खुनी सापडत आला की वेग वाढायचा. दवाखान्यातला कंपाउंडर भुताखेतांचा भक्त. दिवसभर लोकांना सुया टोचणारा हा माणूस दुसऱ्याच पानाला पाय जमिनीवरून उचलून माझ्या पायरीवर घ्यायचा. आणि एक रिटायर्ड फौजदार होते. त्यांच्या पुस्तकाला कायम वर्तमानपत्राचं कव्हर. पण चपलेतून अंगठा बाहेर काढून ते फरशीवर हळूहळू गोल काढत बसायचे. असा गोल माणूस फक्त प्रेमकथा वाचताना काढतो.

"काय मावशी, आज किती मुडदे?" कंपाउंडर विचारायचा.

"तीन. तुझं भूत उतरलं का झाडावरून, की अजून तिथंच?"

"काहीतरी वैचारिक वाचा," फौजदार कव्हर सावरत म्हणायचे.

"बरं साहेब. तुमच्या वैचारिकात त्या पोरीनं लग्नाला होकार दिला का शेवटी?"

तिघांची तीन कपाटं. दुसऱ्याच्या कपाटाला कुणी हात लावायचं नाही. मावशींचा लेखक म्हणजे एक कर्नल. पुस्तकाच्या मागे त्याचं झुबकेदार मिशांचं चित्र होतं. कंपाउंडरची भुतं कुणा शास्त्रीबुवांची. फौजदारांच्या प्रेमकथा एका बाईंच्या. प्रत्येकाला वाटायचं, खरा लेखक आपलाच, बाकीचे पोटभरू.

हे सगळं ऐकत, पुस्तक शोधायचं निमित्त करून, माझ्या वरच्या पायरीवर एकजण उभे असायचे. प्रूफआजोबा. ते छापखान्यात प्रूफं तपासायचे, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायचे. खिशाला कायम लाल पेन. स्वभावानं माझेच भाऊबंद, थट्टेखोर. मावशींनी कर्नलचं कौतुक केलं की आजोबांचे पाय दाबलेल्या हसण्यानं माझ्या पायरीवर थरथरायचे. कंपाउंडरनं शास्त्रीबुवांचं केलं तरी थरथरायचे. फौजदार काही बोलायचे नाहीत, नुसते नाक ओढायचे, तेव्हा तर जास्तच.

आमच्या वाचनालयाचा एक नियम होता. ज्या पुस्तकावर पाच वर्षांत एकही शिक्का पडला नाही, ते बाद. शिक्का मारायच्या बाई, त्यांना सगळे शिक्काबाईच म्हणायचे, त्या असा शिक्का आपटायच्या की पेंगणारा माणूस दचकून उठावा. प्रूफआजोबा दरवर्षी न चुकता कर्नलची, शास्त्रीबुवांची आणि त्या बाईंची जुनी पुस्तकं घरी न्यायचे आणि न वाचताच परत आणायचे. नुसता शिक्का पडावा म्हणून. मला वाटायचं, म्हातारा जरा सटकला आहे.

मग माझा एक पाय कुजला. रोज फरशी पुसताना पाणी मुरलं होतं. सुतारानं कुजका भाग बोटभर कापून काढला आणि म्हणाला, "उद्या तुकडा बसवून देतो." तो उद्या अजून उजाडायचाय. मी लंगडा झालो. शेवटी शिक्काबाईंनी बाद पुस्तकांच्या गठ्ठ्यातून हाताला लागलं ते एक निळं, पातळ पुस्तक उचललं, पायाखाली धरून पाहिलं. अगदी मापात. पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी ते सुतळीनं माझ्या पायाला बांधून टाकलं.

"घोड्याला नाल ठोकली की बाई," झाडूवाल्या मावशी म्हणाल्या आणि सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो. नाल मऊ होती, दाबली की दबायची. डुगडुगायला आणखी सोय.

सहा वर्षं मी ती नाल मिरवली.

आजोबांची नात त्यांच्याबरोबर यायची. दहा-अकरा वर्षांची. पुस्तकं कुरतडल्यासारखी वाचायची म्हणून आजोबा तिला खारूताई म्हणायचे. कर्नल सोडून दुसऱ्या कुणाला हात लावायची नाही. मग तिच्या वडिलांची बदली झाली. शनिवारी घर हलणार होतं. आजोबा मात्र जाणार नव्हते. "माझी सगळी पुस्तकं इथं आहेत," एवढंच म्हणाले.

मंगळवारी खारूताईनं कर्नलचं शेवटचं पुस्तक माझ्या पायरीवर बसून संपवलं. कडीच्या भोकात बोट घालून म्हणाली, "आजोबा, जायच्या आधी मला या कर्नलना पत्र लिहायचंय. पत्ता मिळेल का हो?"

"आपल्याच घरचा टाक."

"म्हणजे?"

"म्हणजे कर्नल मीच. शास्त्रीबुवा मीच. त्या प्रेमकथावाल्या बाईपण मीच. छापखान्याचे मालक म्हणाले, प्रूफ तपासणाऱ्याचं नाव बघून कोण घेईल पुस्तक?"

"थापा. तुम्हाला तर मिशापण नाहीत."

"अगं, शेवटच्या प्रकरणात माळ्याचा जबाब आहे ना, तो मी चार वेळा..."

"तुम्ही प्रूफ तपासलंय, म्हणून माहितीय तुम्हाला." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी चाललेय आजोबा, आणि तुम्हाला गंमत सुचतेय. मला कर्नल खरंच आवडतात. त्यांची मस्करी नका करू."

आजोबांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि परत खिशाला लावलं. त्यांनी आयुष्यभर इतक्या थापा मारल्या होत्या की खरं बोलायची वेळ आली तेव्हा ते कुणाला ओळखूच आलं नाही.

मग ते शिक्काबाईंकडे गेले. आजोबांनी एक पुस्तक स्वतःच्या खऱ्या नावानं लिहिलं होतं. एकच. त्याच्या शेवटच्या पानावर यादी छापली होती, याच लेखकानं कुठली कुठली नावं घेऊन काय काय लिहिलं त्याची. घरची प्रत गळक्या छपराखाली लगदा झालेली, छापखाना कधीच बंद पडलेला. जगात तेवढी एकच प्रत उरली होती, आमच्या वाचनालयात. बाकीच्या पुस्तकांसाठी ते दरवर्षी शिक्का मारून घ्यायचे, पण हे मागायची त्यांना लाज वाटायची. स्वतःच्या कार्डावर स्वतःचंच पुस्तक काय न्यायचं? कार्डावर आणि पुस्तकावर एकच नाव बघून बाई हसल्या असत्या.

आताही त्यांनी नुसतं पुस्तकाचंच नाव सांगितलं. "निळं आहे, पातळ. लेखक काही आठवत नाही."

बाईंनी रजिस्टर पाहिलं, त्यात नुसती पुस्तकांची नावं असायची. "बाद करायच्या यादीत होतं, पण गठ्ठ्यात सापडलं नाही, म्हणून गहाळ लिहिलंय काका. पण गहाळ म्हणजे गेलंच असं नाही. कुठल्यातरी कपाटात चुकून घुसलं असेल. शोधा की."

निळं. पातळ. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला.

बुधवारपासून दोघं शोधायला लागले. आजोबा वर, नात खाली. त्या दिवशी भुतांचं कपाट झालं. शोधता शोधता खारूताईनं शास्त्रीबुवांचं एक पुस्तक सहज उघडलं आणि थोड्या वेळानं तिचे पाय आपोआप माझ्या पायरीवर आले. गुरुवारी प्रेमकथा. आधी "शी" म्हणाली. मग चप्पल निघाली आणि अंगठा फरशीवर गोल फिरायला लागला. "आजोबा, या बाईपण छान लिहितात हो," ती म्हणाली. आजोबा पाठ फिरवून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मी काय करू शकत होतो? मला एकच गोष्ट येते. आजोबा वर चढले की मी नालेचा पाय उचलायचो आणि आपटायचो. खाली बघा. खाली बघा. पण मी जन्मभर नुसतं चेष्टेपायी डुगडुगलो होतो. आजोबा हसायचे. "गप रे घोड्या."

शुक्रवारी सगळ्यात उंच कपाट राहिलं होतं. आजोबा माथ्यापर्यंत चढले. मी होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला.

"आज नको रे मस्ती," ते हळू आवाजात म्हणाले. "आज शेवटचा दिवस आहे."

सहा वर्षांची सुतळी तटकन तुटली. नाल निसटली. मी एका अंगाला गेलो.

सुतळी कुजली होती म्हणून झालं, की मी जोर लावला म्हणून? कितीदा विचार केला. मला सांगता येत नाही.

आजोबा थेट खाली आले. फरशीवर कमरेला हात लावून पडले होते. खारूताईकडे बघून म्हणाले, "घाबरू नकोस गं. घोडा आज खरंच उधळला." कंपाउंडर धावत आला, फौजदारांनी गाडी आणली, मावशींनी पोरीला पोटाशी धरलं. त्या धावपळीत कुणाचा तरी पाय लागला आणि पोत्यातलं पुस्तक घसरत कपाटाखाली गेलं.

शनिवारी त्यांचं घर हललं नाही. अकरा दिवस आजोबा दवाखान्यात होते आणि अकरा दिवस ते पुस्तक कपाटाखाली होतं. मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मला ते दिसत होतं. झाडू रोज कडेकडेनं फिरायचा आणि परत जायचा. हातभर अंतर. पण मला हात नव्हते.

बाराव्या दिवशी शिक्काबाईंनी आल्या आल्या सांगितलं, काका गेले. मावशी पुस्तक न घेताच उभ्या राहिल्या. कंपाउंडर म्हणाला, "भला माणूस होता." एक सोबती गेला, असं तिघांना वाटलं. तिघांचाही लेखक गेला होता, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात खारूताई वडिलांबरोबर आजोबांचं कार्ड परत द्यायला आली. वडील बाईंशी बोलत होते. ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता लाथ मारेल. मारायलाच हवी होती. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं.

"याची नाल कुठे गेली?" असं म्हणून ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं कपाटाखाली वाकून पाहिलं.

पोतं सोडलं तेव्हा आतून निळा पुठ्ठा निघाला. माझ्या पायाचा चौकोनी वळ नेमका लेखकाच्या नावावर पडला होता. नाव पुसलं गेलं होतं. पण शेवटचं पान धड होतं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा पहिल्या पानावर गेली. तिथं आत आजोबांचं नाव स्पष्ट छापलेलं होतं.

शिक्काबाई खुर्ची सोडून आल्या आणि तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. "मीच बांधलं होतं गं," त्या म्हणाल्या. "न बघता बांधलं."

वडिलांनी मला हातानं धरून ठेवलं आणि खारूताई माझ्या पायरीवर बसून वाचायला लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिचे पाय वर आले नाहीत, अंगठा फिरला नाही, गुडघा हलला नाही. नुसतं एक बोट कडीच्या भोकात घट्ट रुतलेलं. असा भार माझ्यावर कधी कुणी टाकला नव्हता.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "यावर शिक्का मारा."

"अगं, शिक्का कशाला? तुझंच आहे, घेऊन जा."

"नको. शिक्का नसला की बाद होतं. पुन्हा एकदा वाचून झालं की पोस्टानं परत पाठवीन."

आतल्या चिठ्ठीवर एकच जुना शिक्का होता आणि शेजारी एक कार्ड नंबर. "तुझ्या आजीचा. त्या होत्या तेव्हाचा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्याखाली शिक्का मारला. रोज आपटणारा तो हात त्या दिवशी इतका हलका पडला की आवाजच झाला नाही.

"नीट उमटला नाही," खारूताई म्हणाली. "पुन्हा मारा."

पुस्तक मुदतीच्या एक दिवस आधी परत आलं. शिक्काबाईंनी मग तिघांना ते शेवटचं पान दाखवलं. फौजदारांनी हातातल्या पुस्तकाचं वर्तमानपत्र काढलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मावशींनी भुतांचं एक पुस्तक नेलं, कंपाउंडरनं खुनाचं. त्यांचे पाय वाचायला मात्र मला मिळाले नाहीत. मी आता मागच्या खोलीत असतो, झाडूंच्या शेजारी, तीन पायांवर.

मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या घरातला थट्टेखोर म्हातारा एखाद्या दिवशी काही सांगायला लागला, तर थापा म्हणायच्या आधी जरा थांबा. आणि घरात काही डुगडुगलं, तर हसू नका, खाली वाकून बघा. एका खिळ्याचं काम असतं. उद्यावर टाकू नका.

ते निळं पुस्तक आता वाचनालयात सगळ्यात खालच्या फळीवर असतं. त्यासाठी कुणाला वर चढावं लागत नाही.