व्हर्लिनचा सव्वा सेकंद

"बाई, जिंकल्यावर माणूस खाली जातो का?"

व्हर्लिनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद सरळ केला. फेब्रुवारीतला सोमवार होता. शनिवारी आमच्या केस्लर कॉलेजच्या संघाने समोरच्यांना बावीस गुणांनी हरवलं होतं, आणि रविवारी सकाळी क्रमवारीत आम्ही एक्केचाळीसवरून चव्वेचाळीसवर घसरलो होतो.

"कुठल्या यादीत?" मी विचारलं.

याद्या दोन असतात, एवढं तोवर मला कळलं होतं. एक पत्रकारांची. ते दर सोमवारी मतं देऊन पंचवीस नावं काढतात, आणि त्यात आमचं नाव कधीच नसतं. दुसरी यंत्राची, रोज बदलणारी. तिच्यात देशातली साडेतीनशेहून जास्त कॉलेजं ओळीने लावलेली असतात, आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचे संघ निवडणारी समिती हीच यादी समोर घेऊन बसते.

"यंत्राच्या," तो म्हणाला. "डॉईल म्हणतो, समोरचा संघ फारच कच्चा होता म्हणून."

"मग एखाद्या पक्क्या संघाकडून थोडक्यात हरलो असतो तर?"

"तर म्हणे खाली गेलो नसतो."

मी चष्मा काढून पुसला. एकतीस वर्षं मी केस्लरच्या शाळेत तिसरीला शिकवलं. गणित सोपं होतं म्हणून बरोबर उत्तराचे गुण मी कधी कापले नाहीत. तरी समजावणं ही माझी जुनी खोड. मी सुक्या घेवड्याची बरणी काढली आणि टेबलावर बिया मांडल्या. ही आमची बी, ही त्यांची, ही त्यांनी ज्यांना हरवलं त्यांची. अर्ध्या तासात चाळीस बिया झाल्या आणि आमची बी कुठली तेच आम्हाला सांगता येईना.

"उद्या परत येऊ का?" व्हर्लिनने विचारलं. तिसरीत असतानाही तो असंच विचारायचा. वजाबाकीत हातचा घ्यायला त्याला इतका वेळ लागायचा की मधली सुट्टी संपून जायची, पण तो पाटी सोडून उठायचा नाही.

आता तो सहासष्ट वर्षांचा आहे. एक्केचाळीस वर्षं तो कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलची देखभाल करतो. फरशी पुसतो, बॉयलर बघतो, फुटलेले दिवे बदलतो. आणि सामना असला की स्वच्छ शर्ट घालून मैदानाच्या कडेच्या टेबलाशी बसतो आणि घड्याळ चालवतो. चेंडू खेळात आला की बटण दाबून सुरू, पंचाची शिट्टी झाली की बंद. एवढ्या वर्षांत केस्लरचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला एकदाही गेलेला नाही. गावात दर मार्चमध्ये सगळे स्पर्धेचा मोठा तक्ता भरतात, कोण कोणाला हरवणार ते पेन्सिलने लिहितात, आणि त्या अडुसष्ट नावांत आपलं नाव नाही याची सगळ्यांना सवय झालेली आहे. यंदा मात्र सव्वीस सामने जिंकले होते. यंदा लोक पेन्सिल हातात धरून थांबले होते.

अकरा जानेवारीचा सामना मी टेबलाच्या मागे तिसऱ्या रांगेत बसून पाहिला. समोर टॅलबटचा संघ होता, यादीत दोनशेच्याही खालचा. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि घड्याळात सव्वा सेकंद उरला होता. बाहेरून चेंडू आमच्या केलन ब्रूकरकडे आला. त्याने तो झेलला, एकदा जमिनीवर आपटला, वळला आणि फेकला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. बास्केट झाली. माझ्या पुढचा म्हातारा माझ्याच गळ्यात पडला.

पण टॅलबटचा कोच हात हलवत मैदानात आला होता. मधला पंच टेबलाकडे आला. चित्र परत बघायचा पडदा त्या दिवशी नादुरुस्त होता, म्हणून तो व्हर्लिनकडे वाकला.

"चेंडू हातात आला तेव्हाच घड्याळ सुरू केलंस?"

मला व्हर्लिनची मानेपासून कानापर्यंतची बाजू दिसत होती. कान लाल झाला.

"नाही," तो म्हणाला. "उशीर झाला. चेंडू आपटला तेव्हा दाबलं."

"नक्की?"

"नक्की. मी बघत राहिलो."

बास्केट रद्द झाली. आम्ही एका गुणाने हरलो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या दुकानात डॉईल त्याला म्हणाला, "काय रे व्हर्लिन, तुझ्याकडे कालचा सामना अजून चालूच असेल ना?" डॉईल आमचा न्हावी, तोंडाचा फाटका. सगळे हसले, व्हर्लिनही हसला. जानेवारी होता, अजून पुष्कळ सामने बाकी होते. त्याची बायको अर्लीन तेवढी मला फोनवर म्हणाली, "बाई, ही सवय तुम्हीच लावलेली. चूक सांगितली की अर्धे मार्क द्यायचात ना तुम्ही?" ती गमतीने म्हणाली असावी. मला नीट कळलं नाही.

मार्चमध्ये आमच्या गटाचा अंतिम सामना झाला. गटाचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो, उरलेल्यांना समितीच्या तोंडाकडे बघावं लागतं. आम्ही एका गुणाने हरलो. केलनचे शेवटचे दोन्ही फ्री थ्रो कडीला लागून बाहेर आले.

मग आला निवडीचा रविवार. संध्याकाळी सहाला सगळं गाव हॉलमध्ये जमलं. चर्चच्या बायकांनी सूप आणि मक्याची पोळी आणली होती. मुलं संघाच्या रंगाच्या जर्सी घालून पहिल्या रांगेत बसली. भिंतीवर मोठा पडदा होता. व्हर्लिनने शंभरएक खुर्च्या मांडल्या होत्या, पण तो स्वतः दाराशी उभा होता.

नावं येऊ लागली. चार भागांत सोळा-सोळा, आणि वर काही जोड्या. दर वेळी एक चौकोन उघडायचा, दूरच्या कुठल्यातरी हॉलमधली मुलं उड्या मारायची, आणि आमच्याकडे कोणीतरी खोकायचं. माझ्या शेजारी डॉईल यंत्राची यादी घेऊन बोट फिरवत होता.

"हे बघा बाई, हे बावन्नवे आहेत. हे कसे गेले?"

"आपण कितवे?"

"त्रेचाळीस."

"मग आपण त्यांच्या आधी नाही का?"

"आहोत ना. तेच तर म्हणतोय." त्याने कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलं असेल.

अडुसष्ट संपले. मग निवेदकाने बाहेर राहिलेल्यांतली पहिली चार नावं सांगितली. त्यातलं पहिलं नाव केस्लर होतं. दाराला हात लावून आम्ही बाहेर राहिलो होतो.

 मग मागून कोणाचा तरी आवाज आला, "एक सामना. एकच कमी पडला." आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकाही माणसाने दाराकडे पाहिलं नाही. ते न पाहणं मला इतकं ऐकू आलं की मी चमचा खाली ठेवला.

व्हर्लिन आपणहून पुढे आला. केलन पहिल्या रांगेत कोपर गुडघ्यावर टेकून बसला होता. एकवीस वर्षांचा पोरगा, पण दोन खुर्च्यांना पुरेल एवढा.

"केलन," व्हर्लिन म्हणाला, "ती टॅलबटची मॅच. माझ्यामुळे गेली. तुला सांगायचं होतं."

केलनने वर पाहिलं. "काय बोलताय काका? दोन फ्री थ्रो घातले असते तर समितीला कोण विचारत होतं?"

"ते पक्क्या संघाविरुद्ध होते. टॅलबटकडून झालेला पराभव घाण होता. यादीत तोच खुपतो."

"अहो, मी सहा महिने रोज शंभर फेकतोय, आणि दोन गेले नाहीत. आणि तुम्ही मला घड्याळाचं सांगताय."

"मी एक्केचाळीस वर्षं दाबतोय."

दोघंही आवाज चढवू लागले. आपलीच चूक मोठी यावर माणसं भांडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तेवढ्यात कोच व्हिटलो आला. त्याची टाय खिशात होती.

"झालं का तुमचं?" तो म्हणाला. "नोव्हेंबरात पाच कच्चे संघ बोलावले कोणी? मी. घरच्या घरी पाच विजय मिळतील म्हणून. त्या पाच विजयांनीच आपल्याला खाली ओढलं."

"विजयांनी?" व्हर्लिनने विचारलं.

"विजयांनी," कोच म्हणाला आणि डोकं खाजवलं. "मला पण पूर्ण कळलेलं नाही."

सोमवारी सकाळी आठ वाजता व्हर्लिन माझ्या दारात होता. त्याने कॉफीला नको म्हटलं.

"बाई, टॅलबटची मॅच आपण जिंकली असं धरा. मग आपला आकडा किती येतो ते काढून द्या. अडतीस येत असेल तर मला कळेल. त्रेचाळीसच राहत असेल तरी कळेल."

"आणि कळून काय करणार?"

"काही नाही. कळेल."

मी हो म्हटलं. गणिताला नाही म्हणायची मला सवय नव्हती.

दुपारी डॉईल दुकान बंद करून त्याचा लॅपटॉप घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघांनी त्यावर वेळ घातला. प्रत्येक सामना कुठे झाला, समोरचा कितवा होता, चेंडू हातात आल्यावर दर वेळी सरासरी किती गुण झाले, हे सगळं त्या यंत्रात जातं. मी वहीत रकाने आखले. टॅलबटला एक पराभव जास्त दिला. मग टॅलबट खाली गेले. टॅलबट खाली गेले म्हणून त्यांना हरवणारे बाकीचे सगळे थोडे थोडे हलले. त्यातले तीन आमच्याच गटातले, म्हणून आमचे इतर विजयही हलके झाले. एका बाजूने आम्ही वर जात होतो आणि दुसऱ्या बाजूने आमच्या पायाखालची पायरी खाली जात होती. नेमकं किती, ते काढायला लागणारा शेवटचा आकडा यंत्र चालवणारे कोणाला सांगत नाहीत.

"आणि समजा आलाच आकडा," डॉईल म्हणाला, "तरी बावन्नवे आत गेलेच ना. मग आकड्याला विचारतंय कोण?"

"मग ते कशावरून ठरवतात?"

"बसतात म्हणे एका खोलीत. बोलतात."

मंगळवारी दुपारपर्यंत माझी अकरा पानं झाली होती. पहाटे पडल्या पडल्या एक गोष्ट मात्र सुचली होती, आणि ती वहीत मांडता येत नव्हती. हा मुलगा पंचाला 'दाबलं वेळेवर' म्हणाला असता, तर आज त्याने माझ्याकडे काही मागितलं असतं का? आणि मागितलं नसतं, तर मला बरं वाटलं असतं का? मी त्याला शिकवलं ते बरोबर होतं असं मला वाटतं. पण रविवारी त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतली मुलं कोणाकडे न बघता जर्सी काढून हातात घेऊन घरी गेली, तीही माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

तीन वाजता व्हर्लिन आला. बुधवारी आमच्याच हॉलमध्ये दुसऱ्या, धाकट्या स्पर्धेचा सामना होता. बाहेर राहिलेल्यांना ती मिळते. त्याला घड्याळ तपासायला जायचं होतं.

मी त्याच्यापुढे वही ठेवली. तो एकेक पान उलटत गेला, बोट ओळीखाली धरून, तिसरीत वाचायचा तसा. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, 'मला हे गणित येत नाही', आणि खाली सही केली होती.

"तुम्हाला पण?" तो म्हणाला.

"मला पण."

"म्हणजे माझ्यामुळे गेलं की नाही?"

"माहीत नाही, व्हर्लिन. कोणालाच माहीत नाही. मी सगळ्या बाजूंनी पाहिलं."

  एखादं मूल रडायच्या आधी जसं गप्प होतं तसा त्याचा चेहरा झाला होता, पण तो रडला नाही. त्याने वही मिटली, तिचे कोपरे जुळवले आणि माझ्याकडे सरकवली.

"एवढी पानं लिहिलीत," तो म्हणाला. "हात दुखला असेल."

"थोडा."

"उद्या याल ना मॅचला?"

"तिसऱ्या रांगेत."

त्याने टोपी घातली आणि तो गेला. मी खिडकीपाशी उभी राहिले. तो त्याच्या ट्रकमध्ये बसला आणि कितीतरी वेळ नुसताच बसून राहिला, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून. मग गाडी सुरू केली आणि न बघता मागे घेतली. मागचं चाक माझ्या फाटकाजवळच्या वाफ्यावरून गेलं. तिथे डॅफोडिलची पिवळी फुलं त्याच आठवड्यात उमलली होती.

गाडी थांबली. तो उतरला, वाकला, एक देठ हातात धरून सरळ करून पाहिला. सोडल्यावर तो परत आडवा झाला. रस्ता रिकामा होता. शेजारच्या घरांतही कोणी नव्हतं. व्हर्लिनने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं आणि मग तो परत माझ्या दाराकडे चालू लागला.

मी खिडकीपासून बाजूला झाले, म्हणजे मी पाहिलं हे त्याला दिसणार नाही. त्याने दार वाजवलं. मी उघडलं. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"बाई," तो म्हणाला, "तुमची चार फुलं माझ्या चाकाखाली गेली."

मी त्याला सगळं सांगू दिलं.