जरासं

लोहाराकडे दुखणं मोजायला एकच शब्द होता: जरासं. पायावर ऐरण पडली तेव्हाही तो म्हणाला, "जरासं लागलंय." ती उचलायला अर्धी गल्ली जमली, आणि पोचा आला होता तो ऐरणीला, असं त्याची लेक शपथेवर सांगते.

त्या रविवारी दुपारी तो जेवता जेवता घामानं निथळला आणि डावा हात चोळत बसला. लेकीनं सुट्टीच्या दिवशीही चालू असणाऱ्या दवाखान्याला फोन लावला. डॉक्टरची गाडी पाठवायची की नाही, हे तिथली फोनवरची बाई ठरवायची.

"पेशंटलाच द्या," बाई म्हणाली.

"छातीत जरासं भरून आलंय," लोहार म्हणाला. "तुमची कामं आटपा आधी, मग बघू."

"मग उद्या सकाळी या."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पुन्हा फोन लावला. "अहो, ते कधीच धड सांगत नाहीत."

"पेशंट सांगेल तेच आम्ही धरतो, ताई. आणि आवाज चढवू नका."

गेल्या रविवारी समोरच्या बोंबल्याची नुसती ढेकर अडकली, तर गाडी दारात हजर. हा गडी शिंकला की शेजारच्या भिंतीचा रंग उडायचा. लेक अनवाणीच त्याच्याकडे गेली.

"काका, मरा."

"कधी?"

"आत्ता, फोनवर. छातीत कळ आली म्हणा. पत्ता आमचा द्या."

बोंबल्यानं असा गळा काढला की फोन नसता तरी दवाखान्यात ऐकू गेलं असतं. चहा उकळेपर्यंत गाडी आली.

"ओरडत कोण होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"मी," बोंबल्या म्हणाला. "यांना ओरडता येत नाही."

डॉक्टर वैतागून लोहाराकडे वळला. "आजोबा, कितपत दुखतंय?"

"त्यांना विचारू नका," लेक दातओठ खात म्हणाली. "त्यांच्या छातीला विचारा."

छातीला वायरी लागल्या, कागदावर रेघा उमटल्या, आणि डॉक्टरचा आवाज बदलला. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," लेक म्हणाली. "हळू आवाजात."

गाडीत तिनं बापाचा हात धरला. "बाबा, खूप दुखतंय?"

"जरा जास्त," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच.

तेव्हा लेक ड्रायव्हरवर अशी ओरडली की भोंगा लावायची गरजच पडली नाही. लोहार बरा होऊन घरी आला, आणि आता सगळ्यांना सांगतो, "पोरीचा आवाज जरासा मोठा आहे."

ऐकणारे हसतात. लेक अजून हसलेली नाही.