ढालीमागची डबी

श्रीधर डॉक्टरांची एक सवय मला अजिबात पसंत नाही. ते तपकिरीची डबी माझ्यामागे लपवतात. साठी उलटलेला माणूस, दाराकडे बघत बघत नाकात चिमूट ओढतो आणि शिंक रुमालात दाबतो. मला तर बाई लाज वाटते.

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. लढाईतली नव्हे, बक्षिसाची. माझं लाकूड सागवानी, पितळ तांबट आळीतलं. ठोकणाऱ्यानं माझ्यावर एकही पोचा राहू दिला नाही. अंगभर अक्षरं कोरलेली आहेत, पण मला त्यातलं एकही वाचता येत नाही. लोक मोठ्यानं वाचतात, तेवढं पाठ झालं आहे.

गोळ्या-औषधांनी न सुटणाऱ्या सवयी सोडवणाऱ्या डॉक्टरांचं एक मंडळ आहे. १९८३ साली त्या मंडळानं मला श्रीधर डॉक्टरांच्या हाती दिलं. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "तंबाखू सोडा असं सगळेच सांगतात. यांच्याकडे मात्र चुकलेला माणूस परत येतो." केवढ्या टाळ्या पडल्या! खोटं कशाला सांगू, मी फुगले.

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या खुर्चीमागच्या फळीवर मला जागा मिळाली. दर गुरुवारी बाकावर तंबाखूवाले आणि मिश्रीवाल्या बसत. डॉक्टरांचा नियम एकच. "खाल्ली असेल तर खाल्ली म्हणा. मी रागावणार नाही. लपवलीत तर मात्र माझा उपाय चालायचा नाही." माणसं रडत, सांगून मोकळी होत आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येत.

डॉक्टरांच्या बायको मंदाकिनीबाई मला चिंच लावून घासत. "मिरवायला तुम्ही, घासायला मी," असं नवऱ्याला ऐकवतही. पुढे त्यांचा खांदा धरला. मी काळी पडले. कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलं. मला कुणी हलवेना, म्हणून तर डबीला ही जागा सापडली. कॉलेजात असताना सोडलेली तपकीर म्हातारपणी परत लागली, आणि हा माणूस कुणाला बोलला नाही. बायकोलासुद्धा नाही.

आज लोणी काळभोरचे सोनबा आले. अकरा वर्षं तंबाखूला न शिवलेला माणूस. डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड तपासलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

"सोनबा, पुन्हा सुरू केलीत?"

"व्हय. नातीच्या लग्नात एकानं हातावर दिली. तवापास्नं सुटंना."

"मग लगेच का नाही आलात?"

"कंच्या तोंडानं येऊ?"

"हा चट्टा कॅन्सरकडे जाऊ शकतो. अजून वेळ गेलेली नाही. पण दर महिन्याला यायला हवं."

"न्हाई जमायचं, डॉक्टरसाहेब. तुमी देवमाणूस. तुमास्नी कसली सवय न्हाई. चुकल्यालं माणूस आतून कसं हुतं, ते तुमास्नी कळायचं न्हाई. मला हितं बसाया लाज वाटती. आता मी येत न्हाई."

डॉक्टरांचा हात फळीकडे आला. डबीला लागला. थांबला. आणि मागे गेला. त्यांनी फक्त बॅटरी विझवून खणात ठेवली. सोनबांनी टोपी नीट केली, नमस्कार केला आणि आत्ताच ते बाहेर पडले. फळीवरून मला जिना दिसत नाही, पण एकेका पायरीवर त्यांच्या वहाणा वाजताहेत.

मित्रांनो, तुम्हाला कधी बक्षीस मिळालं तर ते कुठल्या कामासाठी मिळालं हे विसरू नका. ते काम करत राहा. मला नाही पुसलं तरी चालेल.

आता उरलेलं मी डॉक्टरांच्याच तोंडावर सांगते.

"अरे श्रीधर, तू चुकलास याचा मला राग नाही. गप्प बसलास, याचा आहे. स्वतःची अब्रू राखायला तू त्या माणसाला मरायला सोडतोयस. ऊठ. एकेक पायरी उतरतंय म्हातारं, अजून खाली पोचलं नसेल. हाक मार त्याला, आणि खरं काय ते सांग."