चौदावा भाग

एकोणतीस दिवसांत माझ्या आईने एका मालिकेचा चौदावा भाग सव्वीस वेळा पाहिला. पंधरावा भाग एकदाही पाहिला नाही.

हे दादाने शोधून काढले. पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी त्याने छापून घेतली, सव्वीस ओळींवर पिवळी रेघ ओढली आणि रविवारी सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. सोबत दुसरा कागद होता. त्यावर स्मृतिविकारांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ लिहिलेली होती.

"वाच," तो म्हणाला. "घरातली शास्त्रज्ञ तू. तूच सांग."

मी शास्त्रज्ञ नाही. रुग्णालयांतल्या शीतकपाटांचे तापमापक तपासायचे आणि ते खरे बोलतात की नाही याचे प्रमाणपत्र द्यायचे, हे माझे बावीस वर्षांचे काम. पण आमच्याकडे मिक्सर बंद पडला तरी मलाच विचारले जाते.

"उरलेले तीन दिवस?" मी विचारले.

"दोन दिवस ती तुझ्याकडे होती. एक दिवस तिच्याकडे वीज नव्हती."

"म्हणजे लावणं शक्य होतं त्या प्रत्येक दिवशी लावला."

"मग मी काय म्हणतोय? काल पाहिलेलं आज तिला आठवत नाही. रोज उठते आणि तोच भाग लावते."

"आणि एकोणतीस दिवसांच्या आधीचं?"

"आधीचं काही दिसतच नाही. ठेवत नसतील इतकं जुनं."

मी तेव्हा पुढे विचारले नाही. दमलेली होते. आठवडाभर तीन रुग्णालयांच्या तळघरांत फिरून आले होते आणि रविवार हा मला वाद घालण्याचा वार वाटत नाही.

व्यवस्था अशी होती. आईच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिच्या टीव्हीवर मालिका दाखवणारी ही इंटरनेट सेवा मीच माझ्या नावाने सुरू करून दिली. डॉक्टरांनी सहा आठवडे दिवसाला एकच तास टीव्ही पाहण्याची परवानगी दिली होती. ती हा नियम पाळते की नाही हे दादाला दुसऱ्या शहरात बसून पाहता यावे म्हणून मी त्याला पासवर्ड दिला. सहा आठवडे कधीच संपले. पाहण्याची सवय राहिली. दादा रोज सकाळी नऊ वाजता कार्यालयात पोहोचला की यादी उघडतो. आजच्या तारखेची ओळ दिसली, म्हणजे आई उठली आहे आणि तिला रिमोट सापडला आहे. याला तो हजेरी म्हणतो. मी कधी हरकत घेतली नाही. खरे सांगायचे तर त्यामुळे माझाही सकाळचा एक फोन वाचत होता.

"डॉक्टरांनी दुजोरा दिला की तिला आमच्याकडे नेतो," दादा म्हणाला. "घर बंद करायचं."

"ती नाही म्हणालीय. दोनदा. माझ्यासमोर."

"तोही त्यातलाच भाग आहे. आणि ती महिन्यापूर्वी फोन न घेता निघून गेली, ते? शितावरून भाताची परीक्षा होते, छोटे."

"सव्वीस नोंदी म्हणजे भाग सव्वीस वेळा लागला. पाहिला की नाही, ते यादीला माहीत नसतं."

"शब्दांचा कीस नको पाडूस." त्याने डोळे चोळले. "तुझ्या वहिनीच्या आईचं आम्ही दोन वर्षं उशिरा ओळखलं. गॅस पेटलेला असायचा आणि त्या गच्चीवर. आम्ही म्हणायचो, वय झालं. पुन्हा तेच नको."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला ताकाचे तापमान सांगून उपयोग नसतो.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून चौदावा भाग पाहिला. तीन बहिणींना वडिलांचा बोटी बांधण्याचा कारखाना मिळतो, अशी ती मालिका. एकूण साठ भाग. चौदाव्या भागात वकील मृत्युपत्र वाचतो. सगळे वाचतो. बावन्न मिनिटे. मी व्यवसायाने मापनाच्या नियमावल्या वाचते, त्यामुळे माझी सहनशक्ती बरी आहे. तरीही दोनदा घड्याळाकडे पाहिले.

मग यादीतल्या वेळा पाहिल्या. सव्वीसही वेळा भाग सकाळी आठ ते सव्वाआठच्या दरम्यान सुरू झाला होता आणि प्रत्येक वेळी शेवटपर्यंत चालला होता. विसराळू माणसाच्या वेळा विखुरतात. या विखुरलेल्या नव्हत्या. दुसरी गोष्ट अशी, की यादीनुसार माझी आई दिवसाला बावन्न मिनिटे टीव्ही पाहत होती. शस्त्रक्रियेच्या आधी ती चार तास पाहायची. तापमापक महिनाभर एकच आकडा दाखवू लागला, तर मी आधी शीतकपाटाचे कौतुक करत नाही, काटा अडकला आहे का ते पाहते.

पाच वाजता मी आईकडे गेले. तिच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. एकेचाळीस वर्षे ती तिथे राहते आहे आणि अंधारातही जिन्याच्या पायऱ्या न मोजता चढते.

"आलीस? चेहरा बघ. कोण गेलं?"

"कोणी नाही. दमलेय."

"दमायला काय झालं? तापमापकं जड असतात का?"

तिने चहा टाकला. टीव्हीवर एका बोटीचे चित्र थांबलेले होते. मी ते पाहिले, हे तिने पाहिले, आणि रिमोट उचलून पडदा काळा केला.

"कशी आहे गं ही मालिका?" मी विचारले.

"बरी आहे. वेळ जातो."

"मीही पाहिला आज एक भाग. चौदावा. मधली बहीण आपला वाटा विकणार असं वाटतंय."

"ती कुठली विकतेय! ती तर उलट धाकटीचाच घेते, चाळिसाव्या..."

ती थांबली. चहा गाळायचा राहिला होता, तो तिने फार लक्ष देऊन गाळला.

"आई, यादीत तू चौदाव्याच्या पुढे गेलेलीच नाहीस."

"यादीत ना?" ती म्हणाली. "यादीत नसेनच."

तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि रिमोटची पाच बटणे न पाहता दाबली. एक पान उघडले. दहा महिने ही सेवा माझ्या नावावर होती. यादी मी पाहिली होती, पण असे पान आहे हे मला ठाऊक नव्हते. वर आज दुपारचा एक्केचाळिसावा भाग, अर्धा पाहिलेला. त्याखाली मी दुपारी पाहिलेला चौदावा आणि तिचा सकाळचा चौदावा. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक फुली.

"ही फुली. दाबली की गेलं." तिने दाबली. पडद्यावर सूचना आली की नोंद काढली आहे आणि हा भाग आपण पाहिलेला नाही असे धरले जाईल.

"धरू दे," आई म्हणाली. "मी पाहिलाय ते मला माहितीये ना."

"कोणी शिकवलं तुला?"

"शिकवायचंय काय? तिथं मदत म्हणून लिहिलंय. वाचलं. तुम्ही लोक वाचत नाही."

"पण कशाला काढायचं?"

"कशाला?" ती माझ्याकडे वळली. "तुझ्या वहिनीचा फोन यायचा, 'आई, काल पाच तास? डोळ्यांचं काय?' मग तुझा भाऊ, 'हे मारामारीचं कशाला बघतेस, झोप लागत नाही मग.' आणि मग तू."

"मी?"

"खाली जिन्यात. 'प्रेमकथा फार चालल्यात हल्ली.' हसून म्हणालीस."

मला आठवले. मी ते विनोद म्हणून बोलले होते आणि विसरले होते.

"मी काय वाचते, काय बघते, हे तुझ्या बाबांनीही कधी विचारलं नाही," आई म्हणाली. "त्यांना कळलंही नसतं म्हणा. पण विचारलं नाही."

"मग सगळंच का नाही काढलंस? एक चौदावा कशाला ठेवलास?"

"काढलं होतं की सगळं! एका फटक्यात. आणि शांतपणे वाचनालयात गेले. फोन मुद्दाम घरी ठेवला, म्हटलं एक सकाळ तरी. परत येते तर दारात शेजारीण, तिचा नवरा आणि कुलूपवाला. कुलूपवाल्याने यंत्र लावलेलंही होतं. का, तर यादी रिकामी दिसली म्हणून तुझ्या भावाने धाडले."

दादाच्या हिशेबात हीच ती निघून जाण्याची घटना होती.

आई रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षे होती. निवृत्त होऊन सतरा वर्षे झाली, तरी ती अजून कपाटातल्या साड्या वर्षानुसार लावते.

"रेकॉर्डला पहिल्याच दिवशी सांगतात," ती म्हणाली. "फाइल बाहेर गेली की जागा रिकामी सोडायची नाही. तिथं पुठ्ठ्याचं कार्ड उभं करायचं. रिकाम्या जागेची चौकशी होते. भरलेल्या जागेकडे कोणी ढुंकून बघत नाही."

"म्हणजे चौदावा भाग हे कार्ड."

"सगळ्यात रटाळ तोच होता. वकील बोलतच राहतो. सकाळी आवाज बंद करून लावते आणि अंघोळीला जाते. स्वयंपाक उरकेपर्यंत तोही संपतो. नऊला साहेब हजेरी घेतात. मग दिवसभर मी मोकळी. संध्याकाळी बाकीच्यांवर फुल्या."

"पण रोज तोच, आई? वेगळा एखादा..."

"कार्ड रोज नवं करतात का कोणी? तो तारीख बघतो. नाव कोण बघतंय?"

"त्याने बघितलं."

मी तिला पिवळ्या रेघांविषयी आणि मंगळवारच्या डॉक्टरांविषयी सांगितले. दादाकडे जाण्याचा आग्रह तिला माहीत होता, डॉक्टर माहीत नव्हते. रिमोट मांडीवर होता आणि त्यावर तिचे दोन्ही हात.

"हात दाखवून अवलक्षण झालं," ती म्हणाली. "त्याला वाटलं, मी विसरायला लागले."

"हो."

"आणि तुला?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. हे खरे होते आणि तिला पुरेसे नव्हते.

मग मी माझे काम केले, कारण दुसरे काही सुचत नव्हते. पंधरा ते वीस या भागांत काय होते ते तिला विचारले आणि लिहून घेतले. नंतर त्या भागांच्या छापील सारांशांशी ताडून पाहिले. सहापैकी सहा बरोबर. एका कुत्र्याचे नाव चुकले. यंत्राला ती कुठवर आली ते माहीत नसल्यामुळे आकडा ती स्वतःच लक्षात ठेवत होती: परवा एकोणचाळीस, काल चाळीस, आज एक्केचाळीसचा अर्धा, "तू बेल वाजवलीस तिथपर्यंत." कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते.

दादाला फोन मी लावला. आई शेजारी बसून ऐकत होती. मी सगळे क्रमाने सांगितले. पलीकडे मागे छापखाना चालावा तसा प्रिंटर चालत होता.

"म्हणजे ती आपल्याला खोटं दाखवत होती," दादा म्हणाला.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. "खोटं नाही रे. अपुरं."

"आई, मग सकाळी मला कळणार कसं, तू बरी आहेस की नाही?"

"फोन करायचा."

"नऊला माझी बैठक असते."

"पावणेनऊला कर. दोन मिनिटं. कशी आहेस विचार, ठेव. काय बघितलंस ते विचारायचं नाही."

"आणि उद्याचे डॉक्टर? वेळ मुश्किलीने मिळालीय."

"येते की. मला गुडघ्याचं विचारायचंच आहे."

"ते मेंदूचे डॉक्टर आहेत, आई."

"मग तू जा."

दादा हसला. थकलेले हसू होते, पण तो हसला, आणि मग हळूच म्हणाला, "घाबरलो होतो गं." आई म्हणाली, "माहितीये. कुलपाचे नवे खिळे बघते ना रोज." घर बंद करण्याचा विषय त्याने काढला नाही. तिनेही काढला नाही.

मी निघताना तिने मला परत बसवले. पासवर्ड बदलायचा होता. बदलण्याचे पान तिने आधीच शोधून ठेवले होते. खाते माझ्या नावावर असल्यामुळे फक्त माझ्या संमतीची गरज होती. मी ती दिली आणि तोंड खिडकीकडे केले. रिमोटने एकेक अक्षर निवडायला वेळ लागतो. बटणाचा आवाज येत राहिला.

"मोजू नकोस," आई म्हणाली.

मी मोजणे थांबवले.

घरी येऊन दादाचा पिवळ्या रेघांचा कागद उलटा केला. त्याने मला उत्तर विचारले होते, म्हणून प्रयोगशाळेतल्या शेऱ्यासारखेच लिहिले: चौदावा भाग आईने सव्वीस वेळा पाहिला नाही, सव्वीस वेळा लावून ठेवला. ती जे खरोखर पाहत होती ते रोज संध्याकाळी यादीतून काढत होती, कारण आम्ही तिघे ती यादी वाचत होतो आणि त्यावरून तिला बोलत होतो. सगळे काढले तेव्हा दारात कुलूपवाला आला, म्हणून ती एक नोंद शिल्लक ठेवू लागली. स्मृतिदोष आढळला नाही. मंगळवारची वेळ रद्द केली आहे.