पुलावरची हाक

२०१८ साली, केळीच्या कापणीच्या दिवसांत, पुरुषोत्तमनगरजवळच्या एका गावात रुग्णवाहिकेतून आलेल्या नर्स ममतानं हेमकांतला जमिनीवरून उचलायला लावलं. घरच्यांनी त्याला खाटेवरून उतरवून सारवलेल्या जागेवर ठेवलं होतं. म्हातारी चुलती तुळशीचं पाणी ओठांना लावत होती.

"पाणी नका पाजू. गिळता येत नाही त्यांना, फुफ्फुसात जाईल," ममता म्हणाली.

"खाले ठेयेल माणूसले कोनी परत उचलतस का, बाई?"

"श्वास चालू आहे, आजी."

दारूला कधी न शिवलेल्या हेमकांतचं लिव्हर जुन्या काविळीनं खाल्लं होतं. पोट तट्ट फुगलेलं, डोळ्यांत हळद. कालपासून शुद्ध नव्हती. मुलगी मयूरी मोटारसायकलवर मागून निघाली. रुग्णवाहिकेत त्याची बायको सरलाबाई बसली.

ममतानं त्याला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, बोटाला सुई टोचली. साखर फार उतरली होती. शीर शोधून तिनं ग्लुकोज सुरू केलं, मग खांदा दाबून हाक मारली. काही नाही.

"मावशी, तुम्ही हाक मारा. ओळखीच्या आवाजाला माणूस कधी कधी उत्तर देतो. बेशुद्धी किती खोल आहे, ते मला कळेल."

"ओ मयूरीना बाप," सरलाबाई हळूच म्हणाली.

"नावानं, मावशी."

सरलाबाईनं पदर तोंडाशी धरला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूनं तिला लग्नाच्या घरातच सांगितलं होतं. आणि आता घटायला उरलं होतं तरी किती!

पुढून ड्रायव्हर धर्मेंद्र म्हणाला, "मावशी, मन्ही बायको ते नाव लिसन शिव्या देस. मी मरनू का?"

"तुन्हं लिव्हर चांगलं शे, भाऊ," सरलाबाई म्हणाली.

प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल आला. सवयीनं तिनं तापीला हात जोडले. ते तसेच ठेवून ती त्याच्या कानाशी वाकली.

"हेमकांत."

पहिल्यांदा नाव ओठांतच राहिलं. दुसऱ्यांदा ते धर्मेंद्रलाही ऐकू गेलं. पापणी हलली.

"परत," ममता म्हणाली. तिचं लक्ष सलाईनच्या थेंबांकडे होतं.

नंदुरबारच्या अलीकडे त्यानं डोळे उघडले.

"कोन बलाई ऱ्हायनं व्हतं?"

सरलाबाईनं घाईनं ममताकडे बोट केलं.

ममता सुईवरची पट्टी सारखी करीत होती. "मीच हाक मारत होते, काका," ती म्हणाली.

धर्मेंद्रनं पुढे ती नोकरी सोडली. आता तो कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. ममता डोंगरातल्या मोलगीला, आपल्या माणसांत, बदलून गेली. मयूरी सुरतेला दिली. हेमकांतनं आणखी दोनदा केळी कापलेली पाहिली. भेटायला येईल त्याला तो सांगायचा, "मोलगीनी पोरनी माले बलायं. पन आवाज आमना घरना व्हता." सरलाबाई तेवढ्यात पाणी आणायला उठायची.

आता नाव घ्यायला तिला कुणाची आडकाठी नाही. घरात ती अजून 'मयूरीना बाप' असंच म्हणते. शहाद्याहून निघालेली बस पुलावर आली, की ती हात जोडते आणि तिचे ओठ हलतात. शेजारी बसलेल्या बाईला वाटतं, तापीमायचं नाव घेते आहे.