सबज्याचा आग्रह

मनोरमाबाई जर्मनीत एर्लांगेनला लेकाकडे, हृषिकेशकडे आल्या, त्या उन्हाळ्यात सगळं गाव तव्यासारखं तापलं होतं आणि घरात पंखा म्हणून नव्हता. रोज पाव खाऊन पोटाला कुलूप लागलेलं, वर छातीत जळजळ. बरोबर आणलेली सबज्याची पुडी केव्हाच संपली होती. पण पोटाचं गाऱ्हाणं सुनेपुढे घालायचं म्हणजे आपणहून मान खाली घालायची. तेवढ्यासाठी जन्म घेतला नव्हता त्यांनी.

त्यातून या देशात आग्रह नावाची चीजच नाही. शेजारच्या जर्मन बाईंनी वाढदिवसाचा केक पुढे केला, मनोरमाबाई रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणाल्या, आणि त्या बाईंनी बशी खरंच उचलली.

"एवढी शिकलेली माणसं," त्या लेकाला म्हणाल्या, "आणि नको म्हणजे काय ते कळू नये?"

खालच्या मजल्यावर फरंगीसबाई राहत. मूळच्या इराणच्या, वयाने मनोरमाबाईंच्याच जोडीच्या. एका रविवारी त्यांनी सासूसुनेला बोलावलं. त्या जर्मन बोलत, सून कौमुदी ते मराठीत सांगे. तबकात उंच पेले आले. गुलाबपाणी, लिंबू, बर्फ आणि त्यात तरंगणारे फुगलेले काळे दाणे. सबजाच. मनोरमाबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं.

"नको," त्या म्हणाल्या.

"नाइन, डांके," कौमुदीने लगेच सांगून टाकलं आणि स्वतःचा पेला उचलला. सासूने तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरीच्या घशात घोट अडकला असता. कौमुदी पीत राहिली.

फरंगीसबाईंनी मात्र तबक मागे घेतलं नाही. उलट आणखी पुढे सारलं.

"आई, त्या म्हणतात, उन्हाळ्यात त्यांच्याकडे पाहुण्याला हेच सरबत देतात. थंड असतं."

"मला का ठाऊक नाही? राहू दे म्हणावं. कशाला उगाच."

यावर फरंगीसबाईंनी पेला सरळ त्यांच्या हातातच दिला. आता नाही म्हणणं म्हणजे अपमान. मनोरमाबाईंनी एका दमात अर्धा पेला संपवला.

"गोड जरा जास्त झालंय. पण सबजा भिजवलाय नीट, कोरडा राहिला तर घशात बसतो. पोटासाठी घेतात का गं त्यांच्यात?"

कौमुदीने फरंगीसबाईंना विचारलं. "घेतात म्हणे. पोट साफ होतं. आई, तुम्हाला त्रास होतोय का?"

"मी त्यांच्यातलं विचारलं."

कौमुदी हसली आणि फरंगीसबाईंशी हळूच काहीतरी बोलली. निघताना मनोरमाबाईंच्या हातात वाटीभर कोरडा सबजा आला. या खेपेला त्यांनी ‘नको’ जरा घाईतच उरकलं.

रोज भिजवून घेतला, तसं आठवड्याभरात पोट ताळ्यावर आलं. मग त्यांनी रव्याचे लाडू वळले. रिकामी वाटी परत करायची रीत नाही. वाटी भरून त्या कौमुदीला घेऊन खाली गेल्या. फरंगीसबाईंनी दार उघडलं, लाडू पाहिले, छातीवर हात ठेवून मान हलवली.

"आई, त्या नको म्हणतायत."

"म्हणू दे की. आत्ता कुठे पहिल्यांदा म्हणाल्यात," मनोरमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाटी आणखी पुढे केली.