बिनपाण्याचा कूलर

ग्राफिक्स कार्ड घेताना माणसाला तीन गोष्टी हव्या असतात. ते वेगवान हवं, तापायला नको आणि अंगानं आटोपशीर हवं. आदिलाबादच्या दुकानात खुशालभाऊंनी दोन खोकी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "पोरी, यातल्या दोन मी देतो. तिसरी देवाले माग." आम्ही बौद्ध. देवाकडं मागायची सोय आमच्या घरात नाही, त्यामुळं मला दोनवरच भागवायचं होतं.

दोन्ही खोक्यांत चिप एकच होती, फरक अंगाचा. एका कार्डाला तीन पंखे, खाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची जाडजूड जुडी, आणि लांबी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. त्याला कितीही राबवा, ते सत्तरच्या वर तापत नाही. दुसरं दोन पंख्यांचं, जेमतेम वीतभर. वेग तोच, पण चौऱ्यांशी अंशांवर गेलं की ते स्वतःचा जीव वाचवायला वेग कमी करतं आणि पडद्यावरचा खेळ अडखळायला लागतो. तिसरंही एक होतं, लहान, गार आणि मंद. त्याला मी हातही लावला नाही.

बाबा माझ्या शेजारी उभे राहून ऐकत होते. ते भीमपूरच्या शाळेत मास्तर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी लहान कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि निकाल दिला, "हुशार पोरगं तापटच असते. आपल्या घरी हाये नं एक."

मला लांब कार्ड हवं होतं. पण घोडं कॅबिनेटपाशी अडलं. आमच्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट म्हणजे बाबांच्या शाळेतला जुना, अरुंद डबा. शाळेनं भंगार लिलावात काढलं तेव्हा बाबांनी तो हौसेनं उचलून आणला होता. त्यात लांब कार्ड चार बोटांनी बाहेर राहत होतं. बाबा म्हणाले, वेल्डिंगवाल्याकडून डबा कापून घेऊ. मी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, तेव्हा त्यांनी तो विषय सोडला. नवा कॅबिनेट घ्यायचा तर बाबांची पेन्शन येईपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि मला थांबायला वेळ नव्हता. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. मी डबा पाहून कार्ड घेतलं.

वेळ का नव्हता ते सांगते. हैदराबादला मुलींची एक टीम आहे. पाच जणी कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळतात, देशभरच्या स्पर्धांना जातात. पगार मिळतो, राहायला खोली मिळते. त्यांची एक जागा रिकामी झाली होती. मी वर्षभर ऑनलाइन खेळून त्यांच्या नजरेत आले होते, पण नेमणुकीआधी चाचणी होती. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तीन दुपारी, घरून, स्वतःच्या मशीनवर. वयाची अट एकविसाच्या आत. मला ऑगस्टमध्ये एकविसावं पूर्ण होत होतं, म्हणजे हा उन्हाळा पहिला आणि शेवटचा. नाही जमलं तर जूनपासून आदिलाबादच्या एका खासगी शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या छापायच्या. तसा शब्द मी आईला दिला होता, आणि मी शब्द मोडत नाही. शब्द मोडायची वेळच येऊ नये एवढंच मला हवं होतं.

आता मे महिन्याचा शेवट म्हणजे आमच्याकडं नवतपा, वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. माझी खोली स्लॅबची. दुपारी भिंतीला हात लावला तर भाकरीच्या तव्याची आठवण यावी. त्या खोलीतली तापलेली हवा ओढून कार्डानं गार व्हायचं होतं. सराव सुरू केला की पंधरा मिनिटांत आकडा चौऱ्यांशीवर जायचा, आणि नेमकी समोरून गोळी आली की चित्र थबकायचं. पुन्हा चित्र हले तोवर मी मेलेली असायचे. मी डब्याचा बाजूचा पत्रा काढून टाकला. टेबलफॅन लावला. तरी कार्ड आपलं तापतंच.

मग बाबांनी बैठकीतला कूलर ढकलत ढकलत माझ्या खोलीच्या दारात आणून उभा केला. हा कूलर माझ्यापेक्षा वयानं मोठा. लोखंडी टाकी, तिन्ही बाजूंच्या ताट्यांमधलं गवत झडत आलेलं, आणि मोटर चालू केली की हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे तोंडावर येतात. उन्हाळ्यात आईबाबा त्याच्यासमोरच झोपायचे. आई दारात उभी राहून म्हणाली, "जावयाचे झाले नसते एवढे लाड चालून राह्यले त्या डब्याचे."

मी बाबांना स्पष्ट सांगितलं, "बाबा, यात पाणी टाकू नका. नुसता पंखा चालू द्या."

"काऊन?"

"ओल होते. कार्ड उघडं आहे."

"इतक्या दुरून काय ओल होते? बिनपाण्याचा कूलर कोन्ही चालवते का?"

"तुमी नका टाकू म्हटलं नं!"

मी जरा मोठ्यानंच बोलले. पण ते ऐकून बाबा हसले, मानेनं हो म्हणाले आणि गेले. ते का हसले ते तेव्हा मला कळलं नाही, आणि विचारायची मला गरजही वाटली नाही.

कूलरचा पंखा मोठा. कोरडी, गरम का होईना, हवा तरी खूप. आकडा एकोणऐंशीवर आला. मोठी चकमक झाली की चौऱ्यांशी व्हायचाच, पण आधीपेक्षा कमी वेळा. दगडापेक्षा वीट मऊ.

चाचणीचे पहिले दोन दिवस असेच गेले. मी वाईट खेळले नाही, आणि कुणी लक्षात ठेवावं असंही काही खेळले नाही. दोनदा ऐन वेळी चित्र अडकलं. दुसऱ्या दिवशी संपल्यावर कोच हेडफोनमधून बोलला. हा तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचा. "मैत्री, तुमच्यात आणि वरंगलच्या मुलीत निवड आहे. उद्या बघू," असं त्यानं सांगितलं. आणि नियमाची आठवण दिली: मशीनची जबाबदारी खेळाडूची, सामन्यात मशीन बंद पडलं तर चाचणी तिथंच संपली. मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आईनं ताट दोनदा पुढं केलं, मी दोनदा सारलं. बाबा समोर बसून माझ्याकडं पाहत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला बसले. कानावर हेडफोन, पाठ दाराकडं. सुरुवातीला आकडा ऐंशी. मी मनात म्हटलं, आज तू मला मारणार.

मग तो उतरायला लागला. अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तर. एकाहत्तर. मला वाटलं, बाहेर ढग आले असतील, वारा सुटला असेल. मानेला गार लागत होतं, पण मागं वळून पाहायला सवड कुठं होती? चित्र असं वाहत होतं की मी वर्षभरात तसं पाहिलं नव्हतं. समोरची मुलगी भिंतीआडून डोकावायच्या आधी मला तिची सावली दिसायची. पहिला सामना आम्ही जिंकलो, त्यात सगळ्यात जास्त बळी माझे. कोच पहिल्यांदा माझं नाव मोठ्यानं घेऊन ओरडला. दुसऱ्या सामन्यात मी एकटी उरले आणि समोर तिघी होत्या. मी तिघींना पाडलं. टीममधली एक मुलगी म्हणाली, "अक्का, हैदराबादला आलीस की बिर्याणी माझ्याकडून." मी हसले. खरं सांगते, तेवढा वेळ मी हैदराबादलाच होते. भीमपूर, भिंती, ऊन, काही म्हणता काही उरलं नव्हतं.

तिसरा सामना अर्ध्यावर होता तेव्हा पडदा काळा झाला.

पहिला विचार आला, लाइट गेली. पण मागं कूलरचा पंखा घरघरत होता. मी हेडफोन काढला. आणि तेव्हा तो आवाज ऐकू आला, ताट्यांवरून पाणी झिरपत टाकीत पडण्याचा.

मी वळले. दारात बाबा उभे होते. हातात पाण्याचा रिकामा गुंड, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, तोंड उन्हानं लालबुंद. आणि ते हसत होते.

"थंडं वाटलं नं?" ते म्हणाले.

मी खाली वाकून पाहिलं. कार्डावर, पंख्यांच्या पात्यांवर बारीक बारीक थेंब बसले होते. सॉकेटपाशी एक ओघळ आला होता आणि जळका वास येत होता. मी वायर काढली, माझ्या ओढणीनं सगळं पुसलं, पुन्हा लावली. काही नाही. पुन्हा लावली. पंखे फिरले नाहीत. मोबाइलवर कोचचा फोन आला. मी सांगितलं, मशीन गेलं. तो म्हणाला, "परवालेदु अम्मा." परवालेदु म्हणजे काही हरकत नाही. त्याला हरकत नव्हती, त्याच्याकडं वरंगलची मुलगी होती.

मला ओरडायचं होतं. आतून असा संताप उसळला होता की गुंड घ्यावा आणि त्या कूलरवर घालावा. मी उठलेसुद्धा. तेवढ्यात मागून आई आली, पदरानं वारा घेत, आणि कौतुकानं बोलायला लागली.

"पाह्यलं का तुया बापाचं? बोअर आटली, नळाले पाणी नाई. विहाराजवळच्या हापशीवरून आणलं. चार खेपा केल्या या उन्हात. मी म्हटलं, पोरगी नाई म्हणते नं पाण्याले? त मले म्हणते, तुले नाई समजत, थे माह्या गुडघ्यासाठी नाई म्हणते."

तेव्हा मला आठवलं. कूलर माझ्या खोलीत यायच्या आठवडाभर आधी मी बाबांना हापशीवरून पाणी आणताना पाहिलं होतं आणि भर रस्त्यात त्यांच्यावर डाफरले होते, गुडघ्याची वाटी सरकल्यावरच थांबणार का म्हणून. माझं 'पाणी नको' त्यांनी त्याच हिशेबात धरलं होतं. म्हणून ते हसले होते. लेकीला आपली काळजी आहे याचं त्यांना सुख झालं होतं, आणि आदल्या रात्री उपाशी उठलेल्या लेकीसाठी त्यांनी ते सुख बाजूला ठेवून गुंड उचलला होता.

"काय झालं वं?" बाबांनी विचारलं. आता त्यांचं हसू गेलं होतं. "बंद काऊन पडलं?"

मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. उजवा गुडघा सुजला होता.

"कार्डच खराब निघालं, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी कधी कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी त्यांनी खुशालभाऊंना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही आदिलाबादला गेलो. मी पुष्कळ म्हटलं, मी एकटी जाते. ते ऐकेनात. बसमध्ये चढताना त्यांना माझा खांदा धरावा लागला.

खुशालभाऊंनी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला. आमच्याकडचं पाणी जड. सुकलं की पांढरा खार सोडतं, हापशीच्या तोंडाशी असतो तसा. कार्डावर तसाच पांढरा डाग उमटला होता, आणि त्या माणसाची हयात असले डाग पाहण्यात गेलेली. "हे त पाण्या..." त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी बाबांच्या मागं उभी होते. मी मान हलवली, नाही म्हणून.

खुशालभाऊ थांबले. मग म्हणाले, "होय गुरुजी. मालच खराब आला होता."

बाबा त्यांना खूप बोलले. पोरीचं आयुष्य होतं, म्हणाले. तुमच्यावर भरवसा ठेवला, म्हणाले. आता तुमच्याकडचं दुसरं कार्डही नको, म्हणाले. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती ऐकत राहिली. खुशालभाऊ मान खाली घालून टेबल पुसत होते. बाबा बाहेर पडल्यावर त्यांनी मला हळूच सांगितलं, "पोरी, पाण्यानं गेलेलं कंपनी बदलून देत नाई. आन् मी दुसरं देऊ शकत नाई." मी म्हटलं, मला नकोच आहे आता. ते खरंच होतं. शाळेच्या ऑफिसात कार्ड लागत नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. बाहेरच बघत राहिले. मला वाटलं, त्यांना कळलं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं आणि पुढच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडं बघत बसले.

"मैत्री," ते म्हणाले, "शेवटी शेवटी काय खेळत होती तू! मी दारातून पाहून राह्यलो होतो. थ्या तिघींले कसं पाडलं!"

"हो," मी म्हटलं.

"थे पाण्याचं काम होतं. कार्ड गार झालं म्हणून." त्यांचा आवाज जड झाला. "माहंच चुकलं, पोरी. तू नाई म्हटलं अन् मी ऐकलं. पहिल्या दिवसापासून टाकाले पाह्यजे होतं पाणी. दोन दिवस फुकट गेले तुये."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत पोरांसमोर न रडलेला माणूस भरल्या बसमध्ये रडत होता, आणि तोही भलत्याच चुकीसाठी. मी त्यांचा हात धरला.

"तुमचं काही चुकलं नाई, बाबा."

"नाई कसं? पुढच्या उन्हाळ्यात पाह्य तू. नव्या ताट्या लावू. पहिल्या दिवसापासून पाणी टाकू, मीच आणीन."

"हो बाबा," मी म्हटलं. "टाका."